खांद्यावरचा माणूस

नांदेड आणि लातूर यांच्यात सरळपणे काही ठरेल तर शपथ. विभागीय आयुक्तालय कुणाकडे, हा तंटा २००९ सालापासून आमच्या बोकांडी बसलेला आहे. मी नांदेडचा, आणि आमच्या बँकेच्या कॅरम स्पर्धेत अकरा वर्षं मला आडवा येणारा गृहस्थ लातूरचा. म्हणजे आमचा सामना हे स्ट्रायकरनं खेळलेलं आयुक्तालयच!

या माणसाचा मी मनापासून द्वेष करत असे. द्वेषाला अभ्यास लागतो. तो पावडर किती टाकतो, राणी घेण्याआधी चष्मा कसा पुसतो, सगळं मला पाठ. बी.कॉम.ला मी इतका अभ्यास केला नव्हता, हे गुणपत्रिका सांगेलच. पण एकदा चहाच्या वेळी त्याचा हात पाहिला. तर्जनीला नखाशी घट्टा, हुबेहूब माझ्यासारखा. म्हणजे हाही रात्री बायकोची बोलणी खात टकटक करत बसतो तर! तेव्हापासून द्वेषात भेसळ सुरू झाली.

७ जानेवारी २०२० ला पुण्यात महाराष्ट्र केसरीची अंतिम कुस्ती झाली. नाशिकचा हर्षवर्धन सदगीर आणि आमच्या लातूरचा शैलेश शेळके. (कुस्ती आली की लातूर 'आमचं', आयुक्तालय आलं की 'त्यांचं'.) दोघेही काका पवारांच्या तालमीतले. एकमेकांचे डाव, दम, कच्चेपणा, सगळं उघडं. सदगीर ३-२ नं जिंकला आणि त्यानं शेळकेला खांद्यावर उचलून घेतलं. सगळे सदगीरच्या मोठेपणावर बोलले, रास्तच आहे. माझी नजर मात्र वरच्या माणसावरून हलेना. आत्ताच ज्यानं हरवलं, त्याच्याच खांद्यावर, हजारो लोकांदेखत बसायला काय लागत असेल?

पुढं दोन वर्षांनी आमची स्पर्धा लातूरला होती. उपांत्य फेरीआधी परभणीचा एक पोरगा माझ्याजवळ आला. "सर, लातूरकर काकांचं काही सांगा ना." आणि मी सांगितलं! स्वतःपुढची सोंगटी अंगठ्यानं मारताना ते डगमगतात, हे अकरा वर्षांचं भांडवल मी अर्ध्या कप चहावर देऊन टाकलं. पोरानं त्यांना हरवलं. नंतर अंतिम फेरीत मलाही.

करंडक काखेत मारून पोरगा म्हणाला, "तुमचंही विचारलं होतं मी काकांना. ते म्हणाले, खेळून बघ की."

तुम्ही म्हणाल, सांगून टाकायचं होतं त्यांना. तेच ठरवलं होतं. पण ते स्कूटरवरून मला स्टँडवर सोडायला आले आणि वाटेत मान वळवून म्हणाले, "तुमी अंगठा लई चांगला चालवताव. माझा तिथंच घोळ होतो बघा. शिकवा की एकदा." माझी बॅगही त्यांनीच उचलून एसटीत ठेवली.

अहमदपूर गेलं, लोहा गेलं. शेजारच्या प्रवाशानं दोनदा विचारलं, तब्येत बरी आहे ना?

तो शॉट मी त्यांना अजून शिकवलेला नाही. दिवाळीत लातूरला जावं म्हणतो. आधी शॉट दाखवावा की आधी बोलावं, एवढंच ठरत नाही.