मैदान कोणाचे?

घोड्यांच्या शर्यतींशी जोयड्याचा काय संबंध, असे वाचक विचारतील. शर्यतींशी नाही, पायाखालच्या जमिनीशी आहे.

मुंबईचे महालक्ष्मी रेसकोर्स १८८३ सालचे. सुमारे २११ एकर जमीन सरकारची व महापालिकेची. टर्फ क्लबकडे ती ९९ वर्षांच्या कराराने होती. मे २०१३ मध्ये करार संपला. तरीही पुढे दहा वर्षे घोडे धावतच राहिले. जानेवारी २०२४ मध्ये क्लबच्या सभासदांनी मतदान केले आणि सुमारे १२० एकर बागेसाठी सोडून ९१ एकर शर्यतींसाठी राखण्यास बहुमताने होकार दिला. (त्याच वर्षी चेन्नईत भाड्याच्या थकबाकीवरून सरकारने गिंडीच्या मैदानाला टाळे ठोकले. सगळीकडेच एवढा सबुरीचा कारभार नसतो.)

पैजेचा खेळ म्हणून मैदान काढून घ्यावे, असे काही सज्जन म्हणतात. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ ठरवला. मला स्वतःला पैज रुचत नाही. पण सरकारही काही सोवळे नाही. पैजेच्या पूर्ण रकमेवर ऑक्टोबर २०२३ पासून २८ टक्के आणि सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के कर ते घेते. क्लबची मिळकतच पैजांवरची. एवढा कर बसल्यावर खेळणारा चोरट्या बुकीकडे वळणार, हे सांगायला अर्थशास्त्री नको. तेव्हा या मैदानांना नीतीपेक्षा हिशेबच आधी मारील असे दिसते.

माझा प्रश्न निराळा आहे. शंभर वर्षांच्या वहिवाटीने हक्क येतो का? येत असेल, तर आमच्या सुप्याचे काय? काळी नदीवर धरण झाले, १९८७ च्या सुमारास पाणी भरले आणि तालुक्याचे हे जुने ठाणे बुडाले. ठाणे जोयड्याला आले, कित्येक घरे रामनगरला गेली. तिथली वहिवाट शंभर वर्षांची नव्हे, कित्येक पिढ्यांची होती. महाराष्ट्रात सातबारा, आमच्याकडे पहाणी. कागद कोणताही असो, सार्वजनिक हिताचा शिक्का पडला की त्याचे वजन संपते. सुप्याच्या वीजेने दूरची शहरे उजळली, तेही हितच. पण गाव द्यायचे की नाही, किती ठेवायचे, यावर गावाचे मतदान कोणी घेतले नाही.

म्हणून क्लबलाही न विचारता उठवावे, असे मी म्हणणार नाही. त्यांना विचारले हे योग्यच झाले. माझी तक्रार इतकीच, की विचारण्याची ही रीत करारपत्राच्या आणि सभासदत्वाच्या उंबरठ्यावर थांबते. मुंबईतही मत सभासदांचे होते. पहाटे घोड्याला खरारा करणाऱ्या मोतद्दाराचे नव्हते. शर्यती बंद पडल्या तर मालक घोडा विकून मोकळा होईल. मोतद्दाराने कोणत्या कचेरीच्या दारात उभे राहायचे?