दिवा एकाचा, तार सर्वांची

हिंगोली जिल्ह्यातील कोणत्याही तालुक्याच्या गावी, वसमतला, कळमनुरीला, सेनगावला अथवा औंढा नागनाथला, बाजारपेठेतून एक फेरी मारली, तर विजेच्या तारेवर किती संसार तोललेले आहेत याची कल्पना सहज येते. पिठाची गिरणी, मिरची कांडप, वेल्डिंगचे दुकान, मोटारींचे रिवाइंडिंग करणारा कारागीर, झेरॉक्सवाला, रसवंती, हळदीला पॉलिश करणारे यंत्र. एकेका मीटरवर एकेक कुटुंब जगत असते. ही माणसे वीज निर्माण करीत नाहीत, तिचा दर ठरवीत नाहीत, तो ठरविणाऱ्यांच्या सभेत त्यांना कोणी बोलावीतही नाही. बिल आले की ते भरावे आणि बटण दाबले की यंत्र फिरावे, एवढाच त्यांचा विजेशी करार.

अशा माणसाला वीज पुरविणारी संस्थाच एके दिवशी कोसळली तर? त्याला नवा पुरवठादार कोणी शोधून द्यावयाचा, हा यातील व्यवहाराचा प्रश्न झाला. त्यामागे नीतीचा एक प्रश्न दडलेला आहे. ज्याने आपले बिल वेळेवर भरले, त्याने इतरांच्या थकबाकीपोटी झालेल्या पडझडीची झळ का सोसावी? सुज्ञ वाचकांनी या दुसऱ्या प्रश्नाचा आमच्यासमवेत थोडा विचार करावा, अशी आमची विनंती आहे.

हा प्रश्न काल्पनिक नाही. आपल्याच महाराष्ट्रात तो प्रत्यक्ष घडून गेला आहे. १९६९ साली ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ स्थापन झाले. त्यानंतर देशात प्रयोगादाखल ज्या पाच ग्रामीण वीज सहकारी संस्था उभ्या राहिल्या, त्यांपैकी एक म्हणजे तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील मुळा प्रवरा वीज सहकारी संस्था. हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेमुळे आपल्या वाचकांना परिचित असलेला श्रीरामपूर तालुका, शेजारचा राहुरी तालुका आणि लगतच्या तालुक्यांतील काही गावे हे तिचे कार्यक्षेत्र. सहकाराचे बीज तेथे आधीच रुजलेले होते. विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगीळांच्या साहाय्याने उभारलेला प्रवरेचा साखर कारखाना १९५० साली सुरू झाला होता. साखर जर शेतकऱ्यांना स्वतः करता येते, तर वीज स्वतः का वाटून घेता येऊ नये, असा तो विचार होता. संस्थेने घाऊक वीज राज्य वीज मंडळाकडून घ्यावी आणि आपल्या सभासदांना किरकोळ विकावी, अशी रचना होती. वायरमन ओळखीचा, कचेरी हाकेच्या अंतरावर, संचालक आपल्यातलेच. त्या काळी हा मोठाच दिलासा होता.

परंतु त्या भागातील विजेत शेतीपंपांचा वाटा फार मोठा होता आणि पंपांचा दर सवलतीचा होता. घाऊक विजेचा दर मात्र वाढत गेला. एका बाजूने येणारा पैसा आणि दुसऱ्या बाजूने द्यावयाचा पैसा यांतील अंतर रुंदावत जाऊन अखेर संस्थेकडील थकबाकीचा आकडा दोन हजार कोटी रुपयांच्या पुढे गेला. दोष घाऊक दराचा, सरकारी धोरणाचा की कारभाराचा, यावर पुष्कळ वादविवाद झाले, आणि संस्थेचे प्रकरण विद्युत अपील न्यायाधिकरणापर्यंत पोहोचले. त्या वादाचा निवाडा करणे हे आमचे काम नव्हे. घडले ते एवढेच, की ३१ जानेवारी २०११ रोजी संस्थेच्या परवान्याची मुदत संपली आणि दुसऱ्या दिवसापासून तेथील दीड लाखाहून अधिक ग्राहक महावितरणचे झाले.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. त्या ग्राहकांनी नवा पुरवठादार निवडला नाही. तो त्यांना नेमून मिळाला. २००३ च्या विद्युत कायद्याने मागेल त्याला वीज देण्याचे बंधन परवानाधारकावर घातले आहे, आणि एका परवानाधारकाच्या जागी दुसरा उभा करण्याचे काम राज्य वीज नियामक आयोगाकडे आहे. म्हणजे गिरणीवाल्याला नवा पुरवठादार शोधीत वणवण करावी लागत नाही, हा समाजाने कायद्याच्या रूपाने त्याला दिलेला शब्द आहे.

इतरत्रही हेच दिसते. २०११ साली औरंगाबाद, जळगाव आणि नागपूर या शहरांच्या काही भागांत वीजवितरणाचा कारभार खाजगी कंपन्यांकडे फ्रँचाइझी म्हणून सोपविण्यात आला. औरंगाबादची व्यवस्था २०१४ साली, जळगावची २०१५ साली आणि नागपूरची २०१९ साली संपुष्टात आली. तिन्ही ठिकाणी कारभार पुन्हा महावितरणने हाती घेतला. इंग्लंडात तर २०२१ च्या उत्तरार्धात गॅसचे भाव भडकले तेव्हा वीज आणि गॅस विकणाऱ्या कितीतरी कंपन्या एकामागून एक बुडाल्या. तेथील नियामकाने त्यांच्या ग्राहकांना दुसऱ्या कंपन्यांच्या पदरी घातले आणि त्याचा खर्च पुढे सर्वच ग्राहकांच्या बिलांत थोडाथोडा वाटला गेला. घरगुती ग्राहकांच्या दराला तेथे कमाल मर्यादा होती आणि त्यांच्या खात्यातील शिलकेला हमी होती. लहान दुकानदारांना तसे कवच नव्हते. जगात कोठेही पाहिले तरी मोठा उद्योगपती आपली तजवीज करतो आणि घरगुती ग्राहकाची कणव सरकारला येते. मधला छोटा व्यावसायिक तेवढा दोहोंच्या फटीत सापडतो.

आता नीतीच्या प्रश्नाकडे वळू. संत थॉमस अक्वायनस यांच्या परंपरेत न्यायाची तीन अंगे मानली जातात. माणसामाणसांतील देण्याघेण्याचा न्याय, समाजाने आपल्या घटकांना लाभ आणि भार वाटण्याचा न्याय, आणि घटकाने समाजाच्या हिताप्रति पाळावयाचा न्याय. प्रामाणिक बिल भरणाऱ्याची तक्रार पहिल्या न्यायावर उभी आहे. मी दाम मोजले, मला वीज द्या. शेजाऱ्याने दाम दिले नाहीत, तो तुमचा आणि त्याचा प्रश्न. ही तक्रार खोटी आहे असे कोण म्हणेल?

शुभवर्तमानातील दहा कुमारींचा दाखलाही प्रथमदर्शनी याच्याच बाजूने उभा राहतो. शहाण्या कुमारींनी आपल्या कुपीतील तेल मूर्ख कुमारींना दिले नाही, त्यांना विकणाऱ्यांकडे पाठविले. मध्यरात्री नवा पुरवठादार शोधीत निघालेल्या त्या पाच जणी वेळेवर परतल्या नाहीत आणि दार बंद झाले. प्रभूने हा दाखला आत्म्याच्या सिद्धतेविषयी सांगितला, हे खरे. पण जागरूक माणसाच्या दूरदृष्टीचा मोबदला दुसऱ्याच्या आळसापायी हिरावला जाऊ नये, ही सामान्य माणसाची भावनाही त्यात आधार शोधते.

तथापि तेल आणि वीज यांत एक मूलभूत भेद आहे. तेल कुपीत भरून स्वतःजवळ ठेवता येते, तारेतील वीज तशी ठेवता येत नाही. एकाच रोहित्रावर, एकाच फीडरवर शहाणी आणि मूर्ख दोघींचेही दिवे लागतात, आणि विझतात तेही एकदमच. शहाणीने आपली वात कितीही कापली, तरी शेजारच्या आकड्याने रोहित्र जळाले की तिचाही दिवा जातो. म्हणून विजेच्या बाबतीत 'मी माझे भरले, माझा संबंध संपला' हे वाक्य न्याय्य असूनही अपुरे ठरते. दिवा एकाचा असला तरी तार सर्वांची असते.

हा भेद आपल्या मराठवाड्याने फार कठोर रीतीने अनुभवला आहे. भारनियमनाच्या वर्षांत महावितरणने वितरणहानी आणि वसुली पाहून फीडरांचे ए पासून जी पर्यंत गट पाडले. ज्या गटात चोरी आणि थकबाकी अधिक, त्या गटात अंधार अधिक. एप्रिल २०२२ मध्ये कोळशाच्या टंचाईमुळे भारनियमन पुन्हा करावे लागले, तेव्हाही प्रथम याच शेवटच्या गटांची वीज गेली. याच्या समर्थनार्थ असे म्हणता येईल, की वीज कमी असताना कोणाची तरी बंद करावीच लागते, आणि जेथे गळती जास्त तेथे ती बंद करणे यात लहरीपणा नाही. हे म्हणणे आम्हांला मान्य आहे. परंतु जी गटातील फीडरवर एखादा गिरणीवाला असा असतोच, की ज्याचे एकही बिल कधी थकलेले नाही. त्याच्या दळणाचे डबे रांगेत पडून राहतात ते कोणत्या अपराधासाठी?

आमच्या मते अशी व्यवस्था एकाच अटीवर नीतीला धरून राहू शकते. निरपराध माणसाला त्या गटातून बाहेर पडण्याची वाट उघडी असली पाहिजे. व्यापारी पेठेसाठी वेगळा फीडर, रोहित्रावर मीटर, तक्रार आल्यावर आकडे काढण्याची तत्परता, ही ती वाट. यातील प्रत्येक काम पुरवठादाराचे आहे. ते न करता गावाला सामुदायिक शिक्षा देणे म्हणजे सज्जनाला ओलीस ठेवून दुर्जनाकडून वसुली करण्याचा प्रयत्न होय. दुकानदाराने पोलिसाचे काम करावे, रात्री शिडी लावून शेजाऱ्याचा आकडा काढावा, अशी अपेक्षा त्याच्याकडून कोणीही करू नये.

तथापि त्याच्याही वाट्याला एक कर्तव्य येते, आणि मुळा प्रवरेचा इतिहास त्यावर प्रकाश टाकतो. सहकारी संस्थेचा सभासद हा एकाच वेळी ग्राहकही असतो आणि मालकही. ग्राहक म्हणून जी सवलत तो घेतो, ती मालक म्हणून त्यालाच केव्हा तरी फेडावी लागते. वार्षिक सभेत अहवाल वाचला जातो, थकबाकीचा आकडा दर वर्षी वाढत जातो, आणि आपले घर उजळलेले आहे तोवर त्या आकड्याकडे पाहण्याची कोणाला निकड वाटत नाही. कोणत्याही संस्थेचा ऱ्हास बहुधा असाच होतो. चोरी करणारे थोडे असतात, गप्प बसणारे फार असतात. प्रामाणिक माणसाचे कर्तव्य चोराला पकडणे हे नव्हे, पण सभेत उभे राहून हिशेब विचारणे हे निश्चितच आहे. तिसरा न्याय तो हाच. आपल्या पतपेढ्या, दूध संस्था, गृहनिर्माण संस्था यांनाही तो लागू आहे, हे वाचकांच्या ध्यानी आलेच असेल.

पोप अकरावे पायस यांनी १९३१ सालच्या आपल्या परिपत्रकात एक तत्त्व मांडले आहे. जे काम लहान समूहाला स्वतः करता येते, ते मोठ्याने त्याच्या हातून काढून घेऊ नये. श्रीरामपूर-राहुरीच्या शेतकऱ्यांनी वीज स्वतः वाटून घ्यावी, हे या तत्त्वाचे चांगले उदाहरण होते. परंतु या तत्त्वाचे नाव ज्या लॅटिन शब्दापासून आले, त्याचा अर्थच मुळी साहाय्य असा आहे. लहान समूह खचला तर मोठ्याने आधार द्यावयाचा, हा त्याचा दुसरा अर्धा भाग. महावितरणच्या रूपाने तेथे तो आधार मिळाला. मात्र आधार देणाऱ्याने एक पथ्य पाळावयाचे असते. मीटर, सुरक्षा ठेव, जुन्या पावत्या, नावांतील चुका या गोष्टी पुरवठादार बदलताना लहान माणसाला फार छळतात. साहाय्य म्हणून आलेल्याने आपल्या नोंदी जुळविण्याचे ओझे त्याच्या डोक्यावर टाकू नये.

आता काळ पुन्हा पालटतो आहे. मुंबईच्या काही भागांत ग्राहकाला दोन पुरवठादारांतून एक निवडता येतो. मोठ्या उद्योगांना खुल्या प्रवेशाने दूरची वीज घेता येते, आणि हरित विजेसाठी ही मर्यादा २०२२ च्या नियमांनी शंभर किलोवॉटपर्यंत खाली आणली आहे. ज्याच्याजवळ छप्पर आणि भांडवल आहे, तो सौर पट्ट्या बसवितो. म्हणजे तेलाची कुपी पुन्हा खाजगी होऊ लागली आहे. यात गैर काहीच नाही. सूर्याचा प्रकाश ही देणगीच आहे. पण जो समर्थ तो निघून गेला, की मागे राहिलेल्या तारेचा खर्च दुर्बळांतच वाटला जाणार. खुल्या प्रवेशाने बाहेर जाणाऱ्या ग्राहकाला कायद्याने एक अधिभार लावला आहे, तो याच विचाराने. तो किती असावा यावर मतभेद असू शकतात, आणि अनेक बाबतींत त्यात सूटही दिली जाते. तरी सामायिक व्यवस्थेतून बाहेर पडणाऱ्याचे मागे उरलेल्यांशी काही देणे लागते, हे त्यामागील तत्त्व आम्हांला योग्य वाटते.

म्हणून आरंभीच्या प्रश्नाचे आमचे उत्तर असे. प्रामाणिक गिरणीवाल्याची तक्रार न्याय्य आहे. त्याला 'सोसा' असा उपदेश करणे हा धर्म नव्हे, आणि त्याच्या सहनशीलतेवर कारभार चालविणे हा सुशासनाचा मार्ग नव्हे. पडझडीचा भार वाटावाच लागला, तर तो ऐपतीप्रमाणे वाटला जावा, आणि ज्यांच्या हाती निर्णय होते त्यांच्यापासून त्याचा आरंभ व्हावा. गिरणीवाल्यानेही आपल्या पावत्यांची फाईल छातीशी धरून एकटे बसू नये. पेठेतील दहा-वीस दुकानदारांनी मिळून आपल्या फीडरची हानी किती, वसुली किती, रोहित्रावर मीटर आहे की नाही, हे लेखी विचारावे, आणि उत्तर येईपर्यंत विचारीत राहावे. आपल्या धर्मग्रामातील ज्या कुटुंबांचा असा छोटा व्यवसाय आहे, त्यांनी या कामी पुढे होण्यास कचरू नये. नवा पुरवठादार कायदा नेमून देईल. जुन्या पुरवठादाराला वेळीच जाब विचारणारा शेजार मात्र आपला आपणच उभा करावा लागतो.