हवालदार कोणाचा?

"अहो, ज्याच्याकडे साधा हवालदार नाही, ते कसलं कोर्ट?" हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा विषय एका निवृत्त वकीलसाहेबांनी परवा असा निकालात काढला. ते खुपले, कारण साहेबांची हयात जिल्हा न्यायालयात गेली आहे. तिथल्या न्यायाधीशांच्या पदरी तरी हवालदार कुठे असतो? वॉरंट ते काढतात, बजावतात सरकारचे पोलीस. निवाडा एकाकडे आणि बजावणी दुसऱ्याकडे, ही उणीव नव्हे. रचनाच तशी आहे.

हेगला हे वेगळेपण आणखी पुढे नेले आहे. १८ न्यायाधीश, नऊ वर्षांची मुदत, पूर्वसुनावणी, सुनावणी आणि अपील असे तीन विभाग, हे सारे वर्तमानपत्रांतून येऊन गेलेले आहे. मोलाचे हे, की अभियोक्त्याचे कार्यालय स्वतंत्र आहे. नाझींवरच्या न्युरेंबर्ग खटल्यात काय होते? सोव्हिएत रशियाचे निकिचेंको लंडनला न्यायासनाची सनद ठरवायला बसले आणि पुढे त्याच न्यायासनावर न्यायाधीश म्हणून बसले! उलट २००८ मध्ये काँगोच्या थॉमस लुबांगाचा, म्हणजे हेगच्या न्यायालयाचा पहिलाच खटला उभा राहत होता. अभियोक्त्याने संयुक्त राष्ट्रांकडून गोपनीयतेच्या अटीवर मिळवलेली कागदपत्रे बचावपक्षाला दाखवली नाहीत. न्यायाधीशांनी खटला स्थगित केला, आरोपीला सोडण्याचा आदेशही दिला. अपिलामुळे सुटका थांबली, कागद खुले झाल्यावर खटला चालला आणि २०१२ मध्ये लुबांगा दोषी ठरला. स्वतःचा पहिला खटला बुडाला तरी बेहत्तर, असे म्हणणाऱ्या संस्थेला साहेब कोर्ट मानायला तयार नाहीत.

पण बजावणीशी येऊन मीही अडतो. या न्यायालयाला हवे असलेले सुदानचे तेव्हाचे अध्यक्ष ओमर अल-बशीर २०१५ मध्ये न्यायालयाचा सदस्य असलेल्या दक्षिण आफ्रिकेत येऊन, एका परिषदेला हजेरी लावून सुखरूप परतले. फिलिपीन्सचे माजी अध्यक्ष दुतेर्ते यांना मात्र याच न्यायालयाच्या वॉरंटवर मार्च २०२५ मध्ये मनिलात अटक झाली. तोवर सत्तेतले मार्कोस आणि दुतेर्ते या घराण्यांची युती तुटली होती. जिल्ह्यातला फौजदारही कधी कधी वरचा कल पाहून वॉरंट दाबतो, हे साहेब जाणतात. तरी तिथे त्याला जाब विचारता येतो. इथे आरोपीला धरायचे की नाही, हे त्या त्या राजधानीतले राजकारण ठरवते.

बशीर यांचे प्रकरण तर संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने २००५ मध्ये हेगकडे धाडले होते. परिषदेतले अमेरिका, रशिया आणि चीन हे कायम सदस्य स्वतः या न्यायालयाचे सदस्य नाहीत. म्हणजे बजावणीच नव्हे, काही खटल्यांची सुरुवातही बाहेरच्यांच्या हातात. १९९८ मध्ये रोमला भारत तटस्थ राहिला, त्यामागच्या आक्षेपांत परिषदेला दिलेला हा अधिकारही होता. तो आक्षेप आता मला निव्वळ सबब वाटत नाही.