माघार घेणे हे भीरुत्व आहे काय ?

कार्तिक-मार्गशीर्षात तंजावूरच्या आकाशात ईशान्येकडील मोसमी पावसाचे ढग दाटतात. बृहदीश्वराचे सुमारे ६६ मीटर उंचीचे शिखर त्या मेघांखाली शांतपणे उभे असते. द्राविड परंपरेत या शिखराला ‘विमान’ म्हणतात. ते अचल असल्यामुळे त्याला मेघांचे भय नाही. मनुष्याने उडविलेल्या विमानाची गोष्ट निराळी आहे.

कावेरीच्या सपाट प्रदेशात जो ढग डोक्यावर छत होऊन राहतो, तशाच उंचीवरचा ढग पश्चिमेस निलगिरीच्या उतारावर धुके होऊन बसतो. तेथे ढग खाली उतरलेला नसतो, भूमीच वर चढलेली असते. ८ डिसेंबर २०२१ रोजी सुलूरहून वेलिंग्टनकडे निघालेले वायुदलाचे हेलिकॉप्टर कुन्नूरजवळ कोसळले आणि जनरल बिपिन रावत यांच्यासह त्यातील १४ जणांना प्राणास मुकावे लागले. हवामान अनपेक्षितपणे पालटून हेलिकॉप्टर ढगांत शिरले व वैमानिकास दिशाभ्रम झाला, असा चौकशीचा प्राथमिक निष्कर्ष होता. त्यापूर्वी ३० सप्टेंबर २००१ रोजी माधवराव शिंदे सभेसाठी कानपूरला जात असता त्यांचे लहान खाजगी विमान वाईट हवामानात मैनपुरी जिल्ह्यात कोसळले. त्यातील आठही जण गेले. मृतांस दोष देणे हा येथे हेतू नाही. विचार करावयाचा तो जिवंतांनी.

ढगांत क्षितिज नाहीसे होते. विमान एका अंगाला कलून हळूहळू वळत असले, तरी कानातील तोलाचे इंद्रिय ‘सरळच चाललो आहोत’ अशी साक्ष देते. ती साक्ष खोटी असते, परंतु अत्यंत विश्वासार्ह वाटते. अशा वेळी समोरच्या उपकरणांवर विसंबणे हाच उपाय होय. आणि तो अभ्यासावाचून साधत नाही. १९५४ साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात हा अभ्यास नसलेल्या २० जणांची परीक्षा घेण्यात आली. बाहेरचे दिसेनासे होताच सर्वांचाच विमानावरील ताबा सुटला. त्यास लागलेला सरासरी वेळ १७८ सेकंद, म्हणजे तीन मिनिटेही नव्हे! मग त्यांना काय शिकविले गेले ? उपकरणे पाहून अर्धवर्तुळ घ्यावे आणि आल्या वाटेने परतावे, एवढेच. ते शिकल्यावर जवळजवळ प्रत्येक वेळी ते सुखरूप परतू शकले.

येथे कोणी शंका घेईल की, रणातून पळ न काढणे हा गीतेने क्षत्रियाचा स्वभावधर्म सांगितला आहे. मग माघार घेणे हा अधर्म नव्हे काय? याचे समाधान त्याच अठराव्या अध्यायात आहे. परिणाम, हानी, दुसऱ्यास होणारी इजा आणि स्वतःचे पौरुष यांचा विचार न करता मोहाने आरंभिलेल्या कर्मास तेथे तामस म्हटले आहे. या ठिकाणी ‘पौरुष’ याचा अर्थ पराक्रमाचा आवेश नव्हे, तर आपल्या सामर्थ्याचे यथार्थ मोजमाप होय. मेघ हा शत्रू नाही. त्याला जिंकावयाचे नसते. त्याच्याशी झुंजण्यात शौर्य नाही, आणि मागे बसलेल्यांचे प्राण पणास लावण्याचा अधिकार तर कोणालाच नाही.

हा विवेक केवळ वैमानिकाचा नव्हे. ‘सभा खोळंबेल’, ‘मुहूर्त टळेल’ असे प्रवाशाने म्हणताच चालकाच्या निर्णयावर अदृश्य भार पडतो. तो भार घालणाराही त्या कर्माचा वाटेकरी होतो. विमान असो, घाटातील मोटार असो वा पुराच्या पाण्यातील होडी असो. ‘आज नको, परत फिरू या’ असे चालक म्हणाला, तर गृहस्थाने त्यास दूषण देऊ नये, धन्यवाद द्यावेत. टळलेला मुहूर्त पुन्हा काढता येतो. गेलेला प्राण परत आणता येत नाही.