इंद्राचे परत फिरणे

गुरूचा देह समोर नसता विद्या शिष्याच्या ठायी उतरते किंवा नाही, हा आपल्या परंपरेतील जुना प्रश्न मार्च २०२० मध्ये शाळांना कुलपे लागली तेव्हा एकाएकी घराघरांत येऊन ठेपला; आणि महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी पहिली ते चौथीचे वर्ग पुढे जवळजवळ पावणेदोन वर्षे बंदच राहिल्यामुळे त्याची परीक्षा नुकती अक्षरओळख होऊ लागलेल्या लेकरांवर झाली. शाळा यथावकाश उघडल्या. परंतु पडद्यावरचे शिक्षण हा आता कायमचा शिरस्ता होऊ पाहत आहे, म्हणून या प्रश्नाचा मुळापासून विचार करणे मला अगत्याचे वाटते.

प्रत्यक्ष सान्निध्यावाचून ज्ञानच नाही, असे म्हणणाऱ्यांनी परंपरेचा आधार घाईने घेऊ नये. भागवताच्या एकादशस्कंधातील अवधूताने पृथ्वी, वायू, समुद्र, मधमाशी असे चोवीस गुरू केले. छांदोग्योपनिषदातील सत्यकाम जाबाल चारशे गाई घेऊन रानात गेला, त्या सहस्र होईपर्यंत परतला नाही, आणि परतीच्या वाटेवर वृषभ, अग्नी, हंस व मद्गू पक्षी यांनी त्याला ब्रह्माचा एकेक पाद सांगितला. म्हणजे मनुष्याखेरीज अन्य मुखांतूनही विद्या येऊ शकते, हे ऋषींना मान्य होते. तथापि एवढे पदरी पडल्यावरही सत्यकाम आचार्यांपुढे उभा राहून म्हणतो की, आता आपणच मला सांगावे. हा आग्रह निव्वळ गुरुभक्तीचा नसावा. ऐकलेले आपल्याला खरोखर कळले काय, याचा निवाडा एकट्याने करता येत नाही, ही जाणीव त्याच्या मुळाशी असावी.

याच उपनिषदाच्या आठव्या अध्यायात, देवांच्या वतीने इंद्र आणि असुरांच्या वतीने विरोचन, असे दोघे हाती समिधा घेऊन प्रजापतीकडे येतात व बत्तीस वर्षे ब्रह्मचर्याने राहतात. प्रजापती त्यांना पाण्याने भरलेल्या पात्रात पाहावयास सांगतो. दोघेही आपले प्रतिबिंब पाहतात, तोच आत्मा असे मानतात, आणि संतुष्ट मनाने निघून जातात. पाठ एकच, गुरू एकच, पात्रही एकच. तरी विरोचन त्या प्रतिबिंबाचीच शिकवण घेऊन असुरांकडे पोहोचला, आणि इंद्र मात्र देह आंधळा झाला तर हा आत्माही आंधळा होईल, या शंकेने अर्ध्या वाटेवरून समिधा घेऊन परत फिरला. असा तो पुनःपुन्हा परतला, आणि एकशे एक वर्षांनी त्याला सत्य कळले. या कथेत गुरूच्या देहाच्या निकटतेपेक्षा मोठी अशी एक गोष्ट मला दिसते: शंका आली असता परत येण्यास वाट होती, आणि त्या वाटेच्या टोकाशी कोणीतरी होते.

दूरस्थ शिक्षणाची कसोटी हीच असावी. नववी-दहावीचा विद्यार्थी चित्रफितीतील प्रमेय तीनदा पाहू शकतो, अडले ते वहीत टिपून दुसऱ्या दिवशी विचारू शकतो. आपल्याला कळले नाही, एवढे तरी त्याला कळते. सात वर्षांच्या मुलाची गोष्ट वेगळी आहे. हातच्याची बेरीज चुकीच्या रीतीने करूनही ते विरोचनासारखे प्रसन्न असते. शंका त्याच्या मनात उपजतच नाही, ती शिक्षकाला त्याच्या पाटीवर दिसावी लागते. कॅमेरा बंद असलेल्या वर्गात ती पाटीच दिसत नाही. केंद्र सरकारने जुलै २०२० च्या ‘प्रज्ञाता’ मार्गदर्शिकेत पहिली ते आठवीसाठी दिवसाला तीस ते पंचेचाळीस मिनिटांची दोनच सत्रे सुचवली, ती मर्यादा योग्यच होती. परंतु मिनिटांच्या हिशेबाने हा दोष जात नाही.

दुसरा प्रश्न अधिकाराचा आहे, आणि तो मला अधिक अस्वस्थ करतो. द्रोणांनी एकलव्याला नाकारले ते जन्मावरून. ज्यांना शतकानुशतके असेच नाकारले गेले होते, त्यांच्यासाठी जोतीराव व सावित्रीबाईंनी १८४८ पासून पुण्यात शाळा काढल्या. शाळा ही जागा म्हणून सर्वांना खुली झाली, हे आपल्या समाजाचे फार मोठे पुण्यकर्म होय. घरात एकच मोबाइल, तो बाप कामावर घेऊन जाणार, संध्याकाळी तो थोरल्या मुलाच्या हाती जाणार आणि मुलीची पाळी शेवटी येणार, अशा घरातील मुलीला हुकूम काढून कोणी नाकारलेले नसते. तरी तिचा अधिकार हिरावला जातोच. सह्याद्री वाहिनीवरून ‘टिलीमिली’ मालिका दाखवली गेली, तेव्हा इंटरनेट नसलेल्या घरांतही धडा पोहोचला, याचे मोल मी मानतो. पण दूरचित्रवाणीला प्रश्न विचारता येत नाही.

तरीही मी यंत्राचा विरोधक नाही. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले, आणि पुढे बालभारतीच्या पुस्तकांतही ते आले. तेथे मुलाला धडा घरी पुन्हा ऐकता येतो आणि सकाळी शिक्षकही भेटतो. मात्र पटसंख्या कमी म्हणून एखाद्या वाडीवरील चौथीपर्यंतची शाळा बंद करून तिच्या जागी पडदा लावावा, अशी तजवीज कोणी मांडल्यास ती निःसंकोच फेटाळली पाहिजे; आणि माध्यमिक वर्गांत ती स्वीकारायची झाल्यास, प्रत्येक तुकडीला शंका घेऊन जाण्याजोगा, नावाने ओळखणारा एक शिक्षक त्याच गावात नेमल्याखेरीज शिक्षण खात्याने मंजुरीची सही करू नये.