साहेबाचे कट्टे

१८ ऑगस्टला विजयदुर्गावर, पूर्वी रत्नागिरी जिल्ह्यात मोडणाऱ्या त्या किल्ल्यावर, 'साहेबाच्या कट्ट्यां'पाशी हेलियमचा जन्मोत्सव साजरा होतो, जणू तो वायू इथेच गवसला; परंतु १८६८ च्या खग्रास ग्रहणात सूर्यज्वालांच्या तेजोरेषा न्याहाळणारे खगोलशास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होते, आणि हेलियमची पिवळी रेषा खगोलशास्त्रज्ञ लॉकियरसाहेबांनी त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात इंग्लंडात, ग्रहणावाचूनच, टिपली. कट्टे ज्यांच्या नावाचे, ते हे साहेब विजयदुर्गी आले खरे, पण २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणास. तोवर रसायनशास्त्रज्ञ रॅम्से यांनी १८९५ मध्येच हा वायू खनिजातून हस्तगत केला होता. लोकस्मृतीने दोन ग्रहणांची दप्तरे एकाच रुमालात बांधली, याचा मला विषाद नाही; मात्र त्या कट्ट्यांपाशी १८९८ चीही नोंद असावी, एवढी अर्जी जरूर करावीशी वाटते.