दिवसा हवेत, रात्री नकोत

गेल्या रविवारी संध्याकाळी सोसायटीतले दोघे जण माझ्या दारात आले. हातात एक निवेदन होतं, त्यावर एकोणचाळीस सह्या झालेल्या. पटसंख्येअभावी बंद पडलेल्या आमच्या भागातल्या महापालिकेच्या शाळेत बेघरांसाठी निवारा केंद्र सुरू होणार आहे, त्याला विरोध करणारं ते निवेदन. "तुमची तेवढी राहिलीय," असं म्हणून त्यांनी पेन पुढे केलं. दोघेही माझ्या चांगल्या ओळखीचे. कोविडच्या दिवसांत याच दोघांनी इमारतीतल्या आजारी माणसांच्या दाराशी डबे ठेवले होते. त्यांच्या मनात काही काळंबेरं आहे असं मी कधीच म्हणणार नाही.

निवेदन मी दोनदा वाचलं. परिसराचं वातावरण बिघडेल, लेकीबाळींना संध्याकाळी बाहेर पडणं अवघड होईल, चोऱ्या वाढतील, फ्लॅटचे भाव उतरतील, आणि शेवटी विनंती अशी की हे केंद्र शहराबाहेर योग्य ठिकाणी हलवावं. मी सही केली नाही. का केली नाही, ते दारात उभ्या उभ्या धड सांगता आलं नाही. म्हणून इथे लिहितो आहे.

केंद्र झालं की बेघर माणसं आपल्याकडे येतील, या समजुतीवर सगळं निवेदन उभं आहे. ही समजूतच चुकीची आहे, कारण ती माणसं केव्हाच आलेली आहेत. आमच्या चौकातल्या उड्डाणपुलाखाली रात्री साडेअकरानंतर जाऊन पाहावं. दुकानांची शटर्स खाली आली की पायऱ्यांवर पुठ्ठे पसरले जातात. पहाटे सफाई कामगार येण्याच्या आत ते पुठ्ठे गुंडाळून गटाराच्या जाळीमागे सारलेले असतात. आपण सातला फिरायला निघतो तेव्हा तिथे कुणीच नसतं, आणि आपल्याला वाटतं की आपल्या भागात बेघर नाहीत.

या वर्षी जानेवारीत मी तिथल्या एका मावशींशी बोललो. पलीकडच्या मंगल कार्यालयात त्या भांडी घासतात. माझ्या पुतणीच्या लग्नातली पंगतीची ताटं त्यांनीच घासली होती, हे बोलता बोलता निघालं. लग्नतिथी असली की काम, नसली की मंडईत लसूण सोलायला बसायचं. काम आटपायला रात्रीचा एक वाजतो. "मग झोपता कधी?" मी विचारलं. "दिवसा, बागेत. दुपारी बारा ते चार बाग बंद असते तेव्हा देवळाच्या ओट्यावर. बाईमाणसानं रात्री रस्त्यावर झोपायचं नसतं, दादा. रात्री बसून राहायचं." त्यांच्या उशाला चपला होत्या, कारण बाजूला काढल्या तर जातात. पिशवीचा बंद पायाला बांधलेला होता. त्या पिशवीत दुधाच्या धुतलेल्या पिशवीत गुंडाळून आधार कार्डाची झेरॉक्स ठेवलेली. मूळ कार्ड दोन पावसाळ्यांपूर्वी पुराच्या पाण्यात गेलं. आणि सांगायला त्यांना कुठलाच पत्ता नाही. रेशन नाही, बँकेत खातं नाही, सरकारी दवाखान्यात केसपेपर काढताना पत्त्याच्या रकान्यात काय लिहायचं ते दर वेळी कारकून ठरवतो.

निवेदनात लेकीबाळींच्या सुरक्षिततेची काळजी आहे. ती खरीच आहे. पण या मावशीही कुणाच्या तरी लेकबाळ आहेत. आमच्या भागात रात्री सर्वांत जास्त धोका कुठल्या बाईला असेल, तर तो पुलाखाली जागत बसलेल्या बाईला आहे. तिच्यासाठी आतून कडी लागणारी एक खोली होते आहे आणि आपण बाईच्या सुरक्षिततेच्या नावानंच ती अडवतो आहोत.

ही गोष्ट एका चौकाची नाही. २०११च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या रात्री देशभरातल्या बेघरांची मोजणी झाली, तेव्हा सुमारे १७ लाख ७३ हजार माणसं नोंदली गेली. महाराष्ट्रात दोन लाखांवर. एका रात्रीत, अंधारात, पुलाखाली आणि फलाटांवर केलेली ही मोजणी. जागा बदलत राहणारी, पोलिसांना पाहून उठून जाणारी किती माणसं तीत सुटली असतील याची कल्पना करावी. त्याच्या आदल्या वर्षी, २०१० मध्ये, सर्वोच्च न्यायालयानं मोठ्या शहरांना आदेश दिला होता की दर एक लाख लोकसंख्येमागे बारा महिने चोवीस तास चालणारं किमान एक निवारा केंद्र हवं. त्याआधी दिल्लीत ऐन डिसेंबरच्या थंडीत महापालिकेनं पुसा रोडवरचा तात्पुरता निवारा पाडला, त्यातून तो विषय न्यायालयापुढे ऐरणीवर आला. लाखामागे एक या हिशेबानं तेव्हाच्या लोकसंख्येला पुण्यात एकतीस आणि मुंबईत सव्वाशेच्या आसपास केंद्रं हवी होती. मुंबई तर त्या आकड्याच्या जवळही गेलेली नाही. निधी नाही, इमारत मिळत नाही, ही कारणं आहेतच. पण इमारत मिळते तेव्हा आमच्यासारख्यांची निवेदनं आडवी येतात, हेही एक कारण आहे आणि ते आपण कबूल केलं पाहिजे.

आता 'शहराबाहेर योग्य ठिकाणी' या शब्दांकडे येतो, कारण मला सर्वांत जास्त तेच टोचले. आपल्या महाराष्ट्राला ही रचना नवी नाही. दिवसभर ज्यांचे हात लागायचे, ज्यांनी मेलेली ढोरं ओढायची, रस्ते झाडायचे, सांगावे पोचवायचे, त्यांनी दिवस मावळला की गावकुसाबाहेर जायचं. काम गावात, वस्ती बाहेर. ती रीत चुकीची होती हे आज आमच्या सोसायटीतला प्रत्येक जण मान्य करतो; चौदा एप्रिलला आम्ही एकत्र जमून हार घालतो. मग पंगतीची ताटं घासणारी, बांधकामावर घमेली वाहणारी, भंगार वेचणारी, केटररकडे वाढपी म्हणून उभी राहणारी माणसं दिवसा आपल्याला हवीत आणि रात्री मात्र शहराबाहेर, हा कुठला न्याय? यात जातीचं नाव कुणी घेत नाही, पण पुठ्ठ्यावर कोण झोपतं आणि निवेदनावर सह्या कोण करतं हे पाहिलं तर रेघ जुनीच आहे हे कळतं.

शहराबाहेरचा निवारा उपयोगीही नसतो. नाक्यावर सकाळी सातला उभा राहणारा माणूस पंधरा किलोमीटरवरून बसचं भाडं भरून कसा येणार? तो पुलाखालीच झोपणार आणि बाहेरची इमारत रिकामी राहणार. १९८१ साली मुंबईतल्या पदपथांवरच्या माणसांना उचलून आपापल्या गावी धाडण्याचा निर्णय सरकारनं घेतला, त्याविरुद्ध ओल्गा टेलिस आणि इतरांचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. १९८५च्या निकालात सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड यांच्या घटनापीठानं उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला. माणसं पदपथावर राहतात ती हौसेनं नव्हे, काम जवळ असतं म्हणून, ही गोष्ट तिथे नोंदली गेली. योग्य पद्धतीनं नोटीस देऊन पदपथ मोकळे करण्याचा अधिकार न्यायालयानं महापालिकेकडे ठेवला, हेही खरं. पण चाळीस वर्षांपूर्वी जे देशाच्या न्यायालयाला दिसलं ते आपल्याला आपल्याच चौकात दिसू नये? बेघर निवाऱ्यांसाठीच्या केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात की केंद्र रेल्वे स्टेशन, बस स्थानक, मंडई, म्हणजे जिथे बेघर आधीपासून आहेत, त्याच्या शक्य तितकं जवळ असावं. माणशी जागा म्हणाल तर पन्नास चौरस फूट. आमच्या सोसायटीत एका मोटारीला याच्या दुपटीहून जास्त जागा आखून दिलेली आहे.

फ्लॅटच्या भावाची भीती मी हसण्यावारी नेत नाही. निवृत्तीचा सगळा पैसा एका घरात घातलेली माणसं माझ्या शेजारी राहतात. पण या भीतीचा इतिहास पाहावा. धोंडो केशव कर्व्यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढला, तेव्हा पुण्यात त्याला केवढा विरोध होता! विरोध होता, पाठोपाठ प्लेग होता, आणि १९०० साली आश्रम शहराबाहेर हिंगण्याच्या माळावर एका झोपडीत गेला. कर्वे रोज पायी पुण्यात शिकवायला येत आणि संध्याकाळी चिखल तुडवत परत जात. ज्या विधवांच्या सावलीनं वस्तीची अब्रू जाईल असं वाटत होतं, त्यांच्या आश्रमाभोवती पुढे शहर वाढत गेलं. आज त्या भागाला कर्वेनगर म्हणतात आणि तिथे घर घेणं सामान्य माणसाच्या आवाक्यात राहिलेलं नाही. वरोऱ्याचंही तेच. बाबा आमट्यांनी १९४९ मध्ये आनंदवन सुरू केलं तेव्हा कुष्ठरोग्यांनी पिकवलेली भाजी घ्यायला गाव धजत नव्हतं. १९६४ मध्ये त्याच आनंदवनात कॉलेज निघालं आणि त्याच गावची मुलं तिथे शिकायला जाऊ लागली. आश्रम आणि आनंदवन आपल्या जागी होते तसेच राहिले. बदल झाला तो शेजाऱ्यांच्या मनात, आणि तो ओळख झाल्यावर झाला.

गाडगेबाबांचं नाव घेतल्याशिवाय या विषयावर मराठीत बोलताच येत नाही. ज्यांना पंढरपुरात कुणी ओसरीवर टेकू देत नव्हतं त्या वारकऱ्यांसाठी त्यांनी चोखामेळा धर्मशाळा उभारली आणि १९४९ मध्ये ती डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. लाखोंच्या इमारती बांधणारा हा माणूस स्वतः झाडाखाली झोपत असे. दादरला त्यांच्या नावाची धर्मशाळा आहे; परळच्या टाटा रुग्णालयात उपचारासाठी आलेले गावोगावचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक तिथे उतरतात. जागा न मिळालेले रुग्णालयाबाहेरच्या पदपथावर प्लॅस्टिक बांधून राहतात. ती माणसंही सरकारी हिशेबात बेघरच. घरी शेतीवाडी असलेला, चार महिने केमोथेरपी घेणारा शेतकरीही तिथे पदपथावर येतो. बेघर म्हणजे अमुक एका तऱ्हेची माणसं, अशी जी गाठ आपण मनाशी बांधली आहे ती सोडवायला हवी. मुलानं घराबाहेर काढलेले निवृत्त मास्तर त्यांत आहेत. दवाखान्यातून घरचे न्यायला न आलेल्या मनोरुग्ण बाई आहेत. दारू पिणारेही आहेत. दारू पिणारे आमच्या इमारतीतही आहेत. त्यांना दार लावून घेता येतं एवढंच.

आणि तरीही माझ्या शेजाऱ्यांची एक शंका अगदी रास्त आहे. केंद्र नीट चाललं नाही तर? आपल्याकडे सार्वजनिक मुतारीचं काय होतं ते सगळ्यांनी पाहिलं आहे. उद्घाटनाला फीत कापली जाते, वर्षभरात नळ गायब होतो, दिवा गेला की पुन्हा लागत नाही. निवाऱ्याचं असं झालं तर त्याचा त्रास आधी आत राहणाऱ्यांना होईल आणि मग आपल्याला. केंद्र फक्त रात्री उघडत असेल तर संध्याकाळी दाराशी गर्दी जमेल आणि सकाळी आठला सगळे पुन्हा रस्त्यावर. चोवीस तास चालणारं असेल तर आजारी माणूस दुपारी आत पडून राहील, मावशी दिवसा बागेऐवजी खाटेवर झोपतील. बायकांचा विभाग स्वतंत्र नसेल तर त्या येणारच नाहीत. सामान ठेवायला कुलूपबंद कपाट नसेल तर माणूस पिशवी पायाला बांधून पुलाखालीच परत जाईल. आणि व्यसनमुक्तीसाठी, मनोविकारासाठी डॉक्टर आठवड्याला येत नसेल तर चौकीदारावर ते ओझं पडेल आणि तो काठी उगारेल.

या गोष्टींचा आग्रह धरण्याचा शेजाऱ्यांना पूर्ण अधिकार आहे, इतकंच नव्हे तर तो धरायला शेजाऱ्यांखेरीज दुसरं कुणी नाही. पुलाखालच्या मावशींच्या अर्जाला महापालिकेत कुणी विचारत नाही. आमच्या सोसायटीच्या लेटरहेडवरचा अर्ज मात्र सहायक आयुक्तांच्या टेबलावर पोचतो. ही ताकद केंद्र अडवायला वापरायची की ते नीट चालवून घ्यायला, हे आपल्या हातात आहे.

मी एक दुसरा अर्ज तयार केला आहे. केंद्र याच शाळेत व्हावं असं त्यात पहिल्या ओळीत लिहिलं आहे. ते चोवीस तास चालावं. बायकांसाठी वेगळा मजला आणि वेगळा जिना असावा. प्रत्येकाला कुलूपबंद कपाट असावं. रस्त्यावरचे बंद पडलेले चार दिवे आधी लागावेत. दर महिन्याला बैठक घेणाऱ्या देखरेख समितीत आमच्या दोन सोसायट्यांचे आणि केंद्रात राहणाऱ्यांचेही प्रतिनिधी असावेत. आणि राहणाऱ्याला केंद्राच्या पत्त्याचा दाखला मिळावा, म्हणजे आधार आणि रेशन कार्डाचा अडलेला गाडा पुढे जाईल. त्यावर सध्या तीन सह्या आहेत. रविवारी माझ्या दारात आलेल्या दोघांपैकी एकानं तो वाचायला घरी नेला होता, परत दिला तेव्हा देखरेख समितीच्या कलमाखाली स्वतःच्या हातानं "मी येईन" असं लिहून आणलं. सही मात्र अजून केलेली नाही.

सोमवारपर्यंत अर्ज माझ्याकडे आहे. मंगळवारी तो प्रभाग कार्यालयात द्यायचा आहे. सहीसाठी या, आणि जमलं तर त्याआधी एका रात्री साडेअकरानंतर चौकापर्यंत चालत जाऊन या.